एका पिल्लावरचा आळ

मी उंबरठा बोलतोय. बुनपेंगच्या घरातल्या पूर्वेकडच्या खोलीचा उंबरठा. साठ वर्षांत मी एक चकार शब्द काढला नाही. पण या घरात एका मुक्या जनावरावर खोटा आळ आला, आणि खरं काय घडलं ते मला माहीत आहे. आता गप्प बसलो तर आतून सडेन.

बुनपेंगच्या वडिलांनी हे खांबांवरचं घर बांधलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. आमच्या नोंगखाम गावाच्या मागे तेव्हा रान होतं. तिथलं एक तांबड्या लाकडाचं झाड त्यांनी पाडलं आणि त्याचा सगळ्यात कठीण गाभा माझ्यासाठी राखून ठेवला. मला चौकटीत बसवताना पांढरा दोरा बांधला, भिक्खूंनी पाणी शिंपडलं, आणि वडिलांनी सगळ्या घराला बजावलं, "याच्यावर पाय पडता कामा नये. ओलांडून जायचं."

कारण माझ्या पलीकडे या घराचे पितर राहतात. फळीवर बुद्धाची मूर्ती आहे, खाली गेलेल्या माणसांचे फोटो. या खोलीत जावयाला मज्जाव. आमच्याकडे लग्न झालं की नवरा मुलगा बायकोच्या घरी राहायला येतो. शेत कसतो, छप्पर शाकारतो, सासूसासऱ्यांचं दुखलंखुपलं बघतो; पण त्याची हद्द म्हणजे मी. बुनपेंगचा नवरा तरुणपणी एकदा भाताची दारू झोकून आत शिरला होता. दुसऱ्या दिवशी फुलांच्या पाच जोड्या, मेणबत्त्यांच्या पाच जोड्या आणि एक उकडलेली कोंबडी घेऊन पितरांची माफी मागत बसला बिचारा. सासूसासरे वारल्यावरच, घराचा कर्ता म्हणून त्याला आत घेतलं. चार वर्षांपूर्वी तो याच खोलीत वारला. तेव्हापासून बुनपेंग इथेच मच्छरदाणी लावून झोपते.

आता घरात ती आणि तिचा जावई प्रयून, दोघंच. मुलगी लामदुआन दूर रयोंगच्या कारखान्यात कामाला. वर्षातून दोनदा येते. सासू-जावयाचं बोलणं म्हणाल तर "भात झालाय" आणि "पंप बंद केला". दोन वर्षं मी हे दोनच संवाद ऐकत होतो. माणसं वाईट नाहीत हो. पण एका छपराखाली राहून एकमेकांशी बोलत नाहीत, याला काय म्हणावं?

तर या प्रयूनने गेल्या पावसाळ्यात एक पिल्लू आणलं. काळं, आखूड पायांचं, आणि पोट असं टम्म की त्याचं नाव तेंगमो ठेवलं. तेंगमो म्हणजे कलिंगड.

"कुत्रं घराखाली," बुनपेंगने पहिल्याच दिवशी सांगितलं.

"आई, परवाच खाली नाग निघालाय. जरा मोठं होऊ दे, मग खालीच बांधतो. तोवर रात्रीपुरतं वर राहू दे."

"वर राहील ते. आणि घाण कोण काढणार?"

"मी काढीन."

पहिल्याच रात्री त्या कलिंगडाने काय करावं? ओसरीवरून डुलत डुलत आलं, मला हुंगलं, एक पाय अलीकडे एक पाय पलीकडे टाकला आणि बरोबर माझ्या मध्यावर धार सोडली. माझ्यावर! भिक्खूंनी पाणी शिंपडलेल्या लाकडावर! तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला पाय नाहीत, तरी गेली. आणि एवढं करून ते दारावरच्या पडद्याखालून खुशाल आत शिरलं. जिथे जावयाला चाळीस-चाळीस वर्षं थांबावं लागतं, तिथे हे बेटं चार पावलांत!

प्रयून धावत आला आणि माझ्यापाशी येऊन खिळला. आत जाता येईना. ओणवा होऊन कुजबुजायला लागला, "ए तेंगमो, ये. ये रे बाळा. मार खाशील, ये." तेंगमो मच्छरदाणीजवळ दुसरा कार्यक्रम उरकत होतं.

सकाळी बुनपेंगने मला शिकेकाईच्या पाण्याने तीनदा धुतलं आणि तेवढ्या वेळात जावयाच्या सात पिढ्या धुऊन काढल्या. मी तिच्या बाजूने होतो. पुरता होतो.

पण प्रयून चिकाटीचा. फोनवर तीन गजर लावले. अकरा, दोन आणि पाच. गजर झाला की पिल्लाला काखोटीला मारायचा, शिडी उतरायचा आणि चिंचेखाली उभा राहून विनवायचा, "कर. कर राजा. आता नाही तर कधी?" पिल्लाने केलं की असं कौतुक करायचा, जसं काही त्याने विहीर खणली. शेजारची सायबुआ सकाळी कुंपणावरून ओरडायची, "काय रे प्रयून, डोळे कसले सुजलेत? बाळंतपण झालं का घरात?"

"झालं ना मावशी. काळं आहे, पण गुटगुटीत."

आणि खरं सांगतो, पिल्लू शिकलं. बाराव्या रात्री गजराच्या आधीच ते शिडीच्या तोंडाशी जाऊन कुईकुई करायला लागलं. तेराव्या रात्रीही तेच. खाली जायचं, उरकायचं, वर येऊन झोपायचं. मला ते पिल्लू आवडत होतं असं समजू नका. पण शिकलं ते शिकलं.

आणि चौदाव्या सकाळी खोलीत ओल होती.

आता नीट ऐका. मी लाकूड आहे. पाणी कुठून आलं आणि कुठे चाललं हे लाकडाला कळतं. ती ओल बुनपेंगच्या चटईखालून निघाली होती आणि फळ्यांच्या सांध्यातून माझ्यापर्यंत आली होती. रात्रभर माझ्यावरून कुत्रंच काय, पालही गेली नव्हती. पहाटे बुनपेंग उठली, अंधारात चाचपलं, आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. अडुसष्ट वर्षांची बाई. संडास अंगणाच्या पार टोकाला, मध्ये नऊ पायऱ्यांची शिडी, आणि गुडघे कामातून गेलेले. मग तिने नेसूची लुंगी बदलली, ओली लुंगी बादलीत बुडवली, फळी पुसायला घेतली.

तेवढ्यात प्रयून पडद्याच्या बाहेर येऊन उभा राहिला. "आई, पुसताय काय? परत केलं का याने?"

मला वाटलं, आता खरं सांगेल. यात लाजण्यासारखं काय आहे? म्हातारपण कुणाला चुकलंय?

"हो," ती म्हणाली. "तुझ्याच लाडक्याने."

हो म्हणाली! माझ्यासमोर! पितरांच्या खोलीत बसून! आणि वर तिच्या हातातल्या वेताच्या पंख्याचा एक फटका त्या पिल्लाला बसला, नाक फळीवर घासलं गेलं. ते बिचारं टकामका बघत होतं. जे आपण केलंच नाही ते हुंगताना कुत्र्याला काय वाटत असेल? त्याला तर वासावरून कळलंच असणार कुणाचं ते. पण त्याला बोलता येत नाही आणि मी बोलायचं नाही. वा रे न्याय!

दोन रात्रींनी पुन्हा तेच. मग पुन्हा. तिसऱ्यांदा बुनपेंग ओसरीवर येऊन म्हणाली, "परवा पौर्णिमा. मी विहारात जाणारच आहे. त्याला टोपलीत घालून नेते आणि तिथेच सोडते."

नको झालेलं कुत्रं विहारात सोडायचं, ही आमच्या गावाची खोड. पुण्याचं पुण्य आणि ब्यादही गेली! भिक्खू नाही म्हणत नाहीत. पण त्या आवारात पन्नास दांडगी कुत्री आहेत. भाताच्या परातीजवळ ती लहानाला फिरकू देत नाहीत. गेल्या वर्षी सायबुआने तीन पिल्लं सोडली होती. महिन्याने एकही दिसलं नाही.

त्या रात्री प्रयूनने आपली चटई अगदी मला लागून टाकली. खांद्यावरचा चौकड्याचा पंचा काढला, एक टोक पिल्लाच्या पोटाभोवती बांधलं, दुसरं आपल्या मनगटाला. गाठ पक्की ओढून बघितली आणि म्हणाला, "आज नाही जाऊ देणार तुला आत. काही झालं तरी नाही."

अकराला दोघं खाली जाऊन आले. दोनला जाऊन आले. गाठ सुटली नाही.

तीनच्या सुमाराला आत बुनपेंग जागी झाली. तिने उसासा टाकला. मग मच्छरदाणीतून बाहेर येऊन बुद्धापुढे हात जोडले आणि पुटपुटली, "कुणाला कळू देऊ नकोस रे. लेकीला तर नकोच. नाही तर नोकरी सोडून येईल ती माझं करायला." मला तिची कीव आली. पण राग गेला नाही, स्पष्ट सांगतो. आपली लाज झाकायला पिल्लाचा जीव?

उजाडलं. "प्रयून! बघ, पुन्हा केलंन्!"

तो धडपडत उठून बसला. मनगटाला गाठ. पंचाच्या दुसऱ्या टोकाला तेंगमो, चारी पाय वर करून घोरत पडलेलं. प्रयूनने गाठीकडे बघितलं. पिल्लाकडे बघितलं. मग पडद्याच्या फटीतून आत. दोरीवर लुंगी ठिबकत होती, चटई गुंडाळून भिंतीला उभी होती, आणि बुनपेंग त्याच्याकडे पाठ करून फळी पुसत होती. घासत होती, घासतच होती.

मला कळलं की याला कळलं. मी म्हणत होतो, बोल लेका! पुरावा तुझ्या हातात बांधलेला आहे!

त्याने हात पाठीमागे नेला आणि गाठ सोडली. आवाज न करता. पंचा खांद्यावर टाकला, पिल्लाला कुशीत ओढलं आणि म्हणाला, "माझीच चूक, आई. डोळा लागला, गजर ऐकूच आला नाही."

मी असा चिडलो की चौकटीत कुरकुरलो. सासू खोटी, जावई खोटा, आणि मध्ये ते अजाण पिल्लू! याच्यासाठी का जन्म घालवला मी इथे?

"तुझी चूक असो नाही तर त्याची," बुनपेंग म्हणाली, "उद्या जाणार म्हणजे जाणार."

"पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांबा, आई. मला एकट्याला जमत नाही हो. ते शिरतं तुमच्या खोलीत, आणि मला तिथे पाय टाकता येत नाही. मी बाहेरून हाक मारीन. तुम्ही त्याला उचलून आणा. आणि... खालीही चला माझ्याबरोबर."

"मी कशाला? रात्री-अपरात्री?"

प्रयूनने मान खाली घातली. "मला भीती वाटते."

"कसली?"

"चिंचेखाली... भुताची."

बुनपेंग पुसायचं थांबली. मग हसायला लागली. नवरा गेल्यापासून मी तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं. "पस्तिशीचा घोडा झालास, आणि भुताला भितोस? अरे, माझी लेक कुणाच्या गळ्यात बांधली मी!"

"हात धरून उतरवीन तुम्हाला. शिडी निसरडी आहे."

"तू मला धरणार? मी तुला धरीन. चल, एक महिना. पण एकच."

त्या रात्री अकराला पडद्याबाहेरून हाक आली, "आई, पिल्लू." ती पिल्लाला घेऊन मला ओलांडून गेली. शिडी करकरली. मला अंगण दिसत नाही, पण रात्री आवाज वर येतात. "आता आलेच आहे खाली, तर जाऊन येते," असं बुनपेंग म्हणाली. आणि ती जाऊन येईपर्यंत प्रयून चिंचेखालून पिल्लाशी मोठमोठ्याने बोलत राहिला. आजचा भाव काय, पाणी किती चढलं, काय वाट्टेल ते. दोनलाही तेच. सकाळी खोली कोरडी होती.

पुढच्या पौर्णिमेला बुनपेंग चिकट भाताची टोपली घेऊन विहारात गेली. टोपलीत फक्त भातच होता. सायबुआला म्हणाली, "शिकलं गं एकदाचं. मी हातात घेतलं म्हणून. जावयाच्याने व्हायचं नव्हतं."

शिकलं एकदाचं! अहो, ते बाराव्या रात्रीच शिकलं होतं! आणि लेकीला फोनवर काय सांगते? "तुझा नवरा भुताला भितो गं. त्याच्यासाठी मला रात्री दोनदा उठावं लागतं." फोनमधून लामदुआन खो खो हसते. गावभर झालंय. बाजारात पोरंसोरं प्रयूनच्या मागून "हूऽऽ" करतात आणि तो दचकल्यासारखं करून दाखवतो. त्याला काहीच वाटत नाही का? मला वाटतं! तेंगमोला आजही सगळी आळी 'मुतरं' म्हणते. त्याचं नाव कोण स्वच्छ करणार?

म्हणून तुम्हाला सांगितलं. बुनपेंगला यातलं काही बोलू नका, एवढी विनंती आहे. मी रागावलेला असलो तरी तिच्या घराचा उंबरठा आहे. पण कधी नोंगखामला आलात आणि काळा, आखूड पायांचा कुत्रा दिसला, तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवा आणि सांगा की तुझा काही गुन्हा नव्हता.

तेंगमो आता चांगलं वर्षाचं झालंय. खाली बांधता येईल, नागाला भिण्याचं वय गेलं. पण ते बुनपेंगच्या मच्छरदाणीतच झोपतं. काल रात्री गजर व्हायच्या आधीच ती उठली. पिल्लू कसलं, आता धोंडा झालाय तो. तरी त्याला खांद्यावर घेतलं. त्याचं तोंड उघडं, जीभ बाहेर, चारी पाय लोंबकळत होते. जागं होण्याचं नाव नाही. मला ओलांडून ती बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "प्रयून, ऊठ रे. पिल्लाला लागलीय."

प्रयूनने डोळे चोळले, घोरणाऱ्या कुत्र्याकडे पाहिलं आणि तिच्यापुढे हात केला.

"हो आई. मघापासून कुईकुई करतंय बिचारं."