लेकीचा रंग

भावाची लेक पहिल्यांदाच टीव्हीवर बातम्या वाचणार म्हणून नणंदबाई सकाळपासून ठाण मांडून बसल्या होत्या. बातम्या सुरू झाल्या आणि आई चमकलीच. पडद्यावर लेकीचा चेहरा चुना फासल्यासारखा निळसर पांढरा!

"मीच टीव्हीचं कलर टेम्परेचर 'कूल' केलं," नणंदबाई फुशारकीने म्हणाल्या. "कशी उजळ दिसतेय! चारचौघं बघणार आज."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने रिमोट हिसकावला, सेटिंग उघडलं आणि 'कूल'चं 'वॉर्म' केलं. निळी झाक ओसरली. लेकीचा सावळा, तुकतुकीत चेहरा परत आला.

"अहो वहिनी, काळी दिसतेय पोरगी!"

"दिसणारच. माझ्यावर गेलीय ती," आई म्हणाली आणि रिमोट मांडीखाली घालून बसली.