गालाला लावलेला काथ्या

"काका, गालाला काय लावताय ते! कॉस्टिक सोड्यात धुतलाय तो!" श्रुतिकामॅडम ओरडल्या.

काथ्याची मूठ मी गालावरून हलवली नाही. "धुतलाय खरा, पण ओला आहे."

"शक्यच नाही. शनिवारी आठ तास ओव्हनमध्ये होता."

"आणि काल रविवारी? टोपलीत उघडा! तळलेला पापड मुंबईच्या हवेत तासभर ठेवा आणि मग खाऊन दाखवा मला."

जोगेश्वरीच्या या गाळ्यात सव्वीस वर्षं मी प्रेस चालवतोय. आधी त्यावर प्लास्टिकचे टब, पाट बनवायचो, ते खपेनात. मग आमच्या या तरुण इंजिनियर मॅडमनी डोकं लढवलं: लोक फेकतात त्या नारळाच्या सोडणांचा काथ्या प्लास्टिकच्या दाण्यात मिसळून खुर्च्यांसाठी मजबूत पत्रे काढायचे. पाच वेळा काढले, पाचही वेळा बुडबुडे. मालक धवलशेठने सरळ सांगितलं होतं, सोमवारी चारला गिऱ्हाईक येतंय, तोवर जमलं नाही तर प्रेस भंगारात. म्हणजे मीपण. छप्पन्नाव्या वर्षी कुत्रंसुद्धा विचारत नाही, बरं का!

दुसरी कोणी असती तर 'तुम्ही मशीन बघा' म्हणाली असती. या पोरीने चिमूटभर काथ्या घेतला, स्वतःच्या गालाला लावला आणि डोळे मिटले.

"थंड लागतोय, काका." मग कपाळावर हात मारला. "वाट लागली! हीच ओल साच्यात वाफ होते. तेच बुडबुडे! कुठे शिकलात हे?"

"आई करायची. खाडीत कुजवलेली सोडणं बडवून बडवून हाताला घट्टे पडलेले, हाताला ओल कळायची नाही. म्हणून गाल."

काथ्या परत ओव्हनमध्ये गेला. साडेतीनला काढला तो गरमागरमच साच्यात घातला. साचा उघडला तेव्हा मी देवाचं नाव घेत होतो. पत्रा गुळगुळीत निघाला. गिऱ्हाइकासमोर नव्वद किलोचे धवलशेठ स्वतः त्यावर उभे राहिले. "झकास!" म्हणाले. मी डब्यावर बसलो आणि खरं सांगतो, रडलो.

मॅडमनी एक तुकडा कापून दिला. "आईंना द्या. माझ्याकडून थँक्यू सांगा."

मी स्वतः आईला कधी थँक्यू म्हटलं नव्हतं. त्या हातांना कुजक्या सोडणांचा वास यायचा म्हणून शाळेच्या वाटेवर मी तिचा हात सोडायचो.

वाकोल्याच्या खोलीत आई खाटेवर बसली होती. दोन वर्षं झाली, ती मला ओळखत नाही. तुकडा हातात दिला. तिने त्यावरून बोटं फिरवली आणि हळूच गालाला लावला.

"सुको हा," ती म्हणाली. "आता दोरी वळूक हरकत नाय."

मी तिचा हात धरला. "आये, तुझे लय उपकार गो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कोणाचो झील रे तू?"

"तुझोच," मी म्हटलं.