ओळखीच्या चेहऱ्यांचा फलाट

राजारामपुरीत आमचं खेळण्यातल्या रेल्वेचं दुकान आहे. खेळण्यातली म्हटलं की आमच्या ह्यांचं, म्हणजे गुरुप्रसादांचं, डोकं फिरतं. मॉडेल म्हणायचं. बरं बाई, मॉडेल. पूर्वी इंजिनं जर्मनीहून यायची. मुंबईच्या एजंटाला पत्र टाकून महिनोन्‌महिने वाट बघायची. मग चिनी माल आला, स्वस्त आणि हात लावला की मोडणारा. पुढे गिऱ्हाईक मोबाईलवरच मागवायला लागलं आणि एजंटाने गाशा गुंडाळला. आता दुकानात एक यंत्र आहे. फोटो द्या, अर्ध्या तासात बोटाच्या पेराएवढा माणूस छापून मिळतो. ह्या यंत्राने आमचं दुकान तारलं, असं सगळे म्हणतात. मला ते डोळ्यांसमोर नको झालंय.

मागच्या खोलीत ह्यांनी अख्खं कोल्हापूर स्टेशन उभारलंय, रूळ, गाडी आणि अलीकडच्या पंचगंगेच्या पुलासकट. ह्या हौशी लोकांचा एक रिवाज असतो, फलाट कधी रिकामा ठेवायचा नाही. आमच्या फलाटावर वर्षानुवर्षं जर्मनीची माणसं उभी होती, टोप्या घातलेली, कुठली कोण देव जाणे. ह्यांना वाटलं, आपल्या स्टेशनावर आपली माणसं हवीत. म्हणून त्यांचे मित्र अंबादास छापले आणि कोपऱ्यावरचा चहावाला पिराजी. अंबादास पुढे कडेला, पिराजी मागे.

एका सकाळी बघते तर अंबादास फलाटावर नाहीत. गाडीच्या डब्यात खिडकीशी बसलेले. छापले होते उभे.

"तुम्ही दुसरा छापलाय व्हय?" मी विचारलं.

ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात फोन आला. अंबादास झोपेतच गेले होते.

मी घाबरून ब्लेडने पिराजीला फलाटावरून सोडवायला गेले. डिंक पक्का होता. तो निघाला, पण पावलं तुटून तिथंच राहिली. त्याच दिवशी त्याच्या पायांवरून टेम्पो गेला. जीव वाचला, दोन्ही पावलं गेली. त्यानंतर तिथलं काही मोडायची आमची छाती झाली नाही. वायरी काढल्या, इंजिन कपाटात घालून कुलूप लावलं. सकाळी ते रुळांवर होतं.

दिवाळीला आमची अवंतिका पुण्याहून आली. तिला आम्ही काही बोललो नव्हतो, ती हसली असती. बापाच्या वाढदिवसाला तिने गुपचूप स्वतःला छापलं.

"आई, बघ की! बाबांच्या स्टेशनावर मी!"

पाठीवर सॅक, अंगात पिवळा कुडता. हुबेहूब माझी पोर.

"काढ ते!" मी ओरडले.

"आता न्हाय निघायचं. चांगलं चिकटवलंय."

ब्लेड उचलून मी त्या एवढ्याशा पायांवर टेकवलं. शेजारी ती अनवाणी उभी होती, आई अशी का वागतेय म्हणून माझ्याकडे बघत. माझ्याने झालं नाही. मान वर केली तर आत्तापर्यंत कोपऱ्यात उभं असलेलं इंजिन पंचगंगेच्या पुलावर आलं होतं. आवाज नाही, काही नाही.

मी ह्यांना बाहेर दुकानात ओढून आणलं. ह्या गाडीने टोपीवाल्यांना कधी हात लावला नव्हता. तिला ओळखीचा माणूस लागतो, तोही एका फेरीला एकच, जो कडेला असेल तो.

"मला छापा," मी म्हटलं. "आत्ता."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "पद्मजा, आणि पुढच्या फेरीला?"

"पुढच्या फेरीला तुम्ही हाय की."

ते रडायला लागले. रडतच त्यांनी यंत्र सुरू केलं, पण फोटो काही त्यांना काढवेना. शेवटी अवंतिकेलाच हाक मारली. आईलाही हौस आली म्हणून ती एवढी खूश झाली! मला पदर नीट करायला लावला, हसायला लावलं. मी हसले.

यंत्रात माझी पावलं तयार झाली, मग निऱ्या. आतल्या खोलीत इंजिनाने मुंगीच्या चालीने पूल ओलांडला होता.

"आई," अवंतिका डिंकाची नळी उघडत म्हणाली, "तुला माझ्या मागं उभी करू?"

"न्हाय," मी म्हटलं. "पुढं. अगदी कडेला."