मला न सांगता सरकवलेली भिंत

मी इमारत बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, मला विटा नाहीत, सिमेंट नाही. एका हॉस्पिटलच्या तळघरातल्या कॉम्प्युटरमध्ये मी पडून आहे. साहेब लोक मला बीआयएम मॉडेल म्हणतात. म्हणोत बापडे. सरळ सांगायचं तर वरची खरी इमारत उभी राहायच्या आधी मी उभा राहिलो. खांब, भिंती, नळ, वायरी, सगळं जिथल्या तिथे. मला नुसतं चित्र म्हणालात तर डोकं फिरेल माझं. चित्राला विचारा बरं, जमिनीच्या पोटात काय आहे? मला विचारा, मी सांगतो. कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

मला घडवलं एका मुलीनं. नुकती नोकरीला लागलेली, पण तिच्या आवाजातल्या जरबेमुळे वयानं मोठे असलेलेसुद्धा तिला ताई म्हणायचे. कुणाचा पाइप कुणाच्या तुळईत घुसला की मी तेवढ्या जागी लाल व्हायचो. मग नळवाले, वीजवाले, एसीवाले टेबलाभोवती जमून एकमेकांवर तुटून पडायचे.

"तुझा पाइप खाली घे."

"मी का घेऊ? तुझा हवेचा डक्ट काय माझ्या सासुरवाडीहून आलाय?"

"गप्प बसा दोघंही," ताई ओरडायची, "डक्ट वर जाईल, पाइप जिथं आहे तिथंच राहील."

भांडण माझ्या अंगावर उरकायचं, म्हणून बांधकामावर फोडाफोड करावी लागायची नाही. येता-जाता मला कुणीतरी उघडायचं. चैनीचे दिवस होते.

मग वर खरी इमारत झाली. फीत कापली, फोटो निघाले. फोटोत मी नव्हतो. माझी एक प्रत हॉस्पिटलच्या हवाली करून ताईच्या ऑफिसनं हात झटकले. हॉस्पिटलनं मला तळघरात, देखभालीच्या खोलीत ठेवलं. तिथल्या प्रमुखांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी मला एकदा उघडलं, "छान आहे हो," म्हणाले आणि बंद केलं. त्यानंतर वर्षं गेली. माझ्या कॉम्प्युटरवर ओले रुमाल वाळत घालतात. माणसाची ही खोडच आहे. बांधताना ज्याला विचारून विचारून भंडावतात, बांधून झालं की त्याला ओळखही दाखवत नाहीत.

एकाच गोष्टीवर मी तग धरून होतो. वर माणसं बदलतील, खाटा बदलतील, पण भिंती माझ्याच आहेत. वर जे उभं आहे, तो मीच आहे.

मग एकदा मॅनेजर तणतणत खाली आला.

"मामा, वर डायलिसिसची नवी खोली होतेय. पाण्याच्या निचऱ्यासाठी जमिनीला भोक पाडायचंय. ड्रिलवाला येऊन उभा आहे आणि तुम्ही त्याला अडवलंत?"

"अडवलं. जमिनीत ताणलेल्या पोलादी तारा आहेत, साहेब. एक जरी तुटली तरी उसळून त्याच्या तोंडावर येईल."

"एवढंसं तर भोक!"

"आणि खाली कमी दिवसांच्या बाळांची खोली आहे. आज बाळं पलीकडे हलवलीत, ठीक. पण तार तुटली तर छताला टेकू लावून ती खोली महिनोन्महिने बंद. अख्ख्या शहरात तशी दुसरी नाही. बाळं काय तुमच्या केबिनमध्ये ठेवायची?"

मॅनेजर वरमला. तारा कुठून गेल्यात ते बघायला मामांनी मला उघडायला घेतलं, तर नवा प्रोग्राम म्हणतो, फाइल फार जुनी आहे. जुनी! तुझ्या आजोबांनी मला लिहिलंय, शहाण्या. शेवटी मामांनी ताईला फोन लावला.

ताई आली. केस पिकलेत, आवाज तोच. तिच्या लॅपटॉपवर जुना प्रोग्राम होता. त्यात मी उघडलो तशी म्हणाली, "आहेस का रे अजून?"

जाणार कुठे होतो, बाई?

मला उचलून ती वर घेऊन गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच खोलीत गेलो. माझ्यात बघून तिनं तारांमधल्या मोकळ्या जागेचं भिंतीपासूनचं अंतर सांगितलं, मामांनी टेप धरली, ड्रिलवाल्यानं खडूनं फुली मारली आणि मशीन टेकवलं.

"थांब," ताई म्हणाली. "एकदा खांबापासूनही मोजू."

मोजलं, तर जुळेना. टेप खोटी असेल, मी मनात म्हटलं. मी खोटा असणं शक्यच नाही.

"मामा, ही भिंत सरकवलीय का?"

"ही ना? केव्हाच! दोन खाटा बसत नव्हत्या, म्हणून हातभर पलीकडे घेतली."

"कुणाला सांगितलं होतं?"

"सगळ्यांना! डॉक्टरांना, नर्सना, रंगवाल्याला. झाडूवाल्या मावशींनासुद्धा. नाहीतर त्यांनी पहिल्याच दिवशी बादली आपटली असती भिंतीवर."

सगळ्यांना. बादली नेणाऱ्या बाईलासुद्धा. फक्त मला नाही.

खडूची फुली बरोबर तारेवर पडली होती. तारा खांबांच्या रेषेनं टाकलेल्या. खांब जागचे हलत नाहीत. ताईनं ओल्या फडक्यानं फुली पुसली आणि खांबापासून मोजून दुसरी मारली. मशीन फिरलं. काँक्रीटचा गोल ठोकळा वर आला. मामांनी तो चारही बाजूंनी फिरवून बघितला. पोलादाचा कणही नव्हता.

"बाळं आणा परत," ते म्हणाले आणि तिथंच खाली बसले.

"साहेब," ताई मॅनेजरला म्हणाली, "एकदा अख्खी इमारत फिरून झालेले बदल याच्यात भरून घेऊ. नव्या प्रोग्राममध्येही आणू."

"भोक पडलं ना? मग झालं तर."

लॅपटॉप मांडीवर घेऊन ताईनं माझ्यातली ती एक भिंत धरली आणि हातभर पलीकडे नेऊन ठेवली. इतक्या वर्षांत मला कुणीतरी काहीतरी सांगितलं. मग मला परत तळघरात ठेवून ती गेली.

आता ती एक भिंत खरी आहे, एवढंच मी छातीठोक सांगू शकतो. बाकी कुठलं दार बुजवलं, कुठला नळ वळवला, मला ठाऊक नाही. वर जे उभं आहे तो मीच, असं म्हणायची सोय राहिली नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी पडून असेल, तर त्याचं कौतुक नको. काही हलवलंत, की त्याला येऊन सांगा, इतकंच.

वर हातोड्याचा आवाज आला की मी कान देऊन बसतो. कुणीतरी काहीतरी पाडतंय, म्हणजे सांगायला येईल. जिन्यात पावलं वाजतात. तळघरापर्यंत एकही येत नाही.