तपासणाऱ्याची सही

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांना सगळे गुण्याकाका म्हणत. काटकोन तपासायचा छोटा गुण्या कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचा, आणि कुणाच्या टेबलाचा कोपरा जरी वाकडा वाटला तरी तो बाहेर निघायचा. काका तपासनीस होते. आम्ही काढलेलं एकही ड्रॉइंग त्यांच्या सहीशिवाय कारखान्यात जात नसे.

मी नवी लागले तेव्हा पहिला आठवडा त्यांनी मला नुसत्या रेघा मारायला लावल्या. टी-स्क्वेअरचं, म्हणजे टी आकाराच्या लांब पट्टीचं, डोकं ड्रॉइंगच्या फळ्याच्या डाव्या कडेला घट्ट टेकवायचं, पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवत न्यायची, म्हणजे टोक एकसारखं झिजतं आणि रेघ शेवटपर्यंत सारखीच बारीक राहते.

"रेघ ओढायची नाही, पोरी. न्यायची," ते म्हणायचे. "दिसणारी कड ठळक, आतली कड तुटक. कारखान्यातल्या माणसाला तू दिसत नाहीस, तुझा कागद दिसतो. तो तोतरा नको."

वस्तू डावीकडून कशी दिसते ते समोरच्या चित्राच्या उजवीकडे काढायचं, आणि उजवीकडून कशी दिसते ते डावीकडे, ही आमच्याकडची पद्धत. तीही त्यांनीच माझ्याकडून घोटून घेतली.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे पंपाच्या कव्हराचं ड्रॉइंग आलं. मी ते ट्रेसिंग पेपरवर शाईने पुरं केलं. काकांनी दीड तास भिंग लावून तपासलं, सही केली आणि अर्धी रजा टाकून ते घरी गेले. तासाभराने मोठे साहेब आले.

"उजवीकडे सुट्या भागांचा तक्ता हवा. प्रिंट आजच जाऊ दे."

उजवीकडे जागाच नव्हती. मी तिथलं चित्र ब्लेडने हलक्या हाताने खरवडलं आणि जसंच्या तसं डावीकडे काढलं. जागा बदलली की बघायची बाजूही बदलते, हे घाईत डोक्यात आलंच नाही. बदल केला की सही पुन्हा घ्यायची, हा नियम मात्र आठवत होता. उद्या सकाळी सांगू म्हटलं. सकाळी विसरले.

कारखान्यात साठ कव्हरं ओतून झाली. पंपावर बसवायला गेले तर पाण्याचं तोंड भलत्याच बाजूला.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर प्रिंट पसरलेली होती. मूळ ट्रेसिंग उजेडात धरलं असतं तर खरवडलेलं लगेच दिसलं असतं, पण प्रिंटवर तसलं काही उमटत नाही.

"काका, सही तुमची?"

"माझीच."

"मग एवढी ढळढळीत चूक दिसली नाही?"

काका वाकून खूप वेळ बघत राहिले. मधल्या महिन्यांत शेकडो कागद हाताखालून गेले होते; तक्ता मागाहून आला हे ना साहेबांना आठवलं, ना काकांना. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नसेल दिसली," ते म्हणाले. "वय झालं, साहेब."

मी त्यांच्या शेजारी हातभर अंतरावर उभी होते. नोकरी पक्की व्हायला दीड महिना उरला होता. मी ब्र काढला नाही.

काकांना जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. चार महिन्यांत त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली. कंपासपेटी, गुण्या, सगळं एका शाळेला देऊन टाकलं. पुढे सहा वर्षांनी तपासनिसाची खुर्ची माझ्याकडे आली. लोक अभिनंदन करायला आले, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. त्याच रविवारी मी काकांचं घर शोधून काढलं.

दार काकूंनी उघडलं. काका खिडकीशी बसले होते, तब्येतीने ठणठणीत. काकू चहा ठेवता ठेवता सांगू लागल्या, "साधी मापाची टेप वाचायलाही शेजाऱ्यांना हाक मारतात. डोळ्यांचे तीन डॉक्टर झाले. तिघंही म्हणतात, नजर छान आहे."

"डॉक्टर काहीही म्हणतील," काका म्हणाले. "साठ कव्हरं खोटं बोलतात का?"

मग मी सांगितलं. तक्ता, ब्लेड, राहून गेलेली सही, सगळं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"म्हणजे मी तपासलं तेव्हा ते चित्र उजवीकडे होतं?"

"हो."

"बरोबर होतं?"

"अगदी बरोबर होतं, काका."

ते आत वळून म्हणाले, "ऐकलंस का गं? बरोबर होतं!" आवाजात अशी खुशी होती की मला वाटलं, सुटले. मग ते माझ्याकडे वळले.

"त्या दिवशी साहेबांसमोर तू माझ्या शेजारीच होतीस ना?"

"हो."

"मी चष्मा पुसला, ते बघितलंस?"

"बघितलं."

ते पुन्हा खिडकीकडे वळले. "जा आता," म्हणाले. "चहा नको घेऊस."

सोमवारी मी सगळं लिहून साहेबांकडे दिलं. साहेब नवे होते. त्यांनी कागद वाचला, "एवढं जुनं कशाला उकरताय, बाई?" म्हणाले आणि फाइलला लावला. मला कुणी शिक्षा केली नाही. काकांना मी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

गेल्या महिन्यात काकू भाजी घेताना दिसल्या. मला टाळलं नाही त्यांनी.

"आता सगळ्यांच्या चुका काढत बसतात," त्या म्हणाल्या. "परवा नळवाल्याला तासभर उभं केलं, पाइप तिरका बसवलास म्हणून. आणि होताही तो तिरका."

आम्ही दोघीही हसलो. तेवढ्यात मी विचारून घेतलं, "मी येऊ का एकदा भेटायला?"

काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मी विचारलं होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "नको म्हणाले."