काजं तेवढी राहिलीत

आमच्या दुकानात ‘काजं-बटणं तेवढी राहिलीत’ याचा अर्थ कापडाला अजून कात्रीच लागलेली नाही. आमचे हे मात्र तसं कधी कबूल करायचे नाहीत.

त्या दिवशी सूनबाई मशीनमागे बसून इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करत होती. तुरपाई करता करता मीही शिकत होते. खोटेपणाला इंग्रजीत केवढी नावं! चिल्लर थाप ती फिब. अंगात दम नसताना छाती फुगवायची, तो ब्लफ. समोरच्याचं मन राखायला मारलेली थाप, ती व्हाइट लाय.

तेवढ्यात वकीलबाई आल्या. काळ्या कोटाचं कापड त्या महिन्यापूर्वीच देऊन गेल्या होत्या. उद्या त्यांची पहिली केस, असं सांगून ठेवलं होतं.

“काका, झाला ना कोट?”

“झाल्यातच जमा. काजं-बटणं तेवढी राहिलीत.”

“फिब,” सूनबाई पुटपुटली.

“मग दाखवा.”

ह्यांनी पापणीही न हलवता खुंटीवरचा भलत्याच कुणाचा काळा कोट काढला.

“ब्लफ!” मी म्हणाले. जरा मोठ्यानेच.

बाईंनी कोट चढवला. बाह्यांत बोटंसुद्धा दिसेनात.

“हा माझा?”

“तुमचाच. धुतल्यावर आटेल.”

“माझं कापड द्या परत. समोरच्या दुकानात टाकते.”

ह्यांचा चेहरा उतरला. समोरच्यानं आमची निम्मी गिऱ्हाइकं आधीच पळवली होती. आता हीही जाणार. मला राहवेना. फळीवरची पिशवी काढून मी कापड पुढ्यात ठेवलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

“बाई, खरं ते हे. पण सकाळपर्यंत कोट देतो. काजं मी करते.”

बाईंनी कापडाकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसूच फुटलं.

“एवढी घाई नको हो. केस पुढच्या सोमवारी आहे. शिंप्याला खरी तारीख कोण सांगतं?”

हे असे काही तापले! “वकील असून खोटं बोलता? लाज नाही वाटत?”

सूनबाईनं पुस्तकात तोंड खुपसलं. तिचे खांदे गदगदत होते.

“माझ्यासमोर कापा, तरच कापड ठेवते,” म्हणत बाईंनी स्टूल ओढलं.

ह्यांनी मुकाट्यानं टेप घेतली. माप पुन्हा घेताना टेप कमरेपाशी अडखळली.

“वाढलंय का हो काही?” बाईंनी हळूच विचारलं.

“छे! महिन्यापूर्वी होतं तेवढंच.”

आणि खडूची रेघ चांगली दोन बोटं बाहेरून गेली. सूनबाईनं मान वर केली. तिला शब्द सुचला होता, पण कात्री या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईस्तोवर मी तिचा पाय दाबून धरला.