चला म चरी घ च्या न

फोनवर एक खोटं बोललं की आमची खोली एका फरशीने लांब व्हायची. मी आलो तेव्हा माझ्या खुर्चीपासून दारापर्यंत अकरा फरश्या होत्या. महिनाभरात दार काडेपेटीएवढं दिसायला लागलं. भिंतींना काही त्रास होत नव्हता, निमूटपणे वाढत होत्या.

मी सुमेध रेवाळे, राहणार देवरुखच्या अलीकडे. परदेशात हॉटेलात नोकरी आहे म्हणून मला विमानात बसवलं आणि उतरल्यावर थेट या खोलीत आणलं. पासपोर्ट काढून घेतला, हातात फोन दिला. काम एकच. आपल्याकडच्या माणसांना फोन करायचा आणि दरडावायचं, मी पोलीस अधिकारी बोलतोय, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, अटक टाळायची तर सांगतो तसं करा. मला लहानपणी आमचा कोंबडासुद्धा घाबरत नसे, आणि इथे मी लोकांना रडवत होतो. माझी मलाच शरम वाटायची.

खरं बोललं की एक फरशी कमी व्हायची. पण त्यावर हुरळून जाऊ नका. मॅनेजर रोज चार वाजता टेप घेऊन खोली मोजायचा. आखूड भरली की ज्याच्यामुळे भरली त्याची घडी घालायचा, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि कपाटात ठेवायचा. माझ्या शेजारी सेल्वम म्हणून मदुराईकडचा एकजण बसायचा. त्याने एका म्हाताऱ्याला सांगितलं, फोन ठेवा, हे सगळं खोटं आहे. चार वाजून पाच मिनिटांनी सेल्वम कपाटात होता. शिवाय प्रत्येक फोनला एक यंत्र जोडलेलं होतं. आम्ही बोलू ते सगळं ते मॅनेजरच्या भाषेत करून त्याच्या पडद्यावर लिहायचं. त्यामुळे आमच्या तोंडाला कुलूप होतं.

एके दिवशी अकरा वाजता यादीत शरयू मांजरेकर असं नाव आलं. निवृत्त बालवाडी शिक्षिका. मी आवाज चढवून पार्सलचं सुरू केलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, जरा थांबा हं साहेब, दूध वर येतंय. माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी गॅस बारीक करा."

पलीकडे गॅसचं बटण फिरवल्याचा आवाज आला. मग बाई परत आल्या. "तू कसला पोलीस रे," त्या म्हणाल्या. "जेवलास का?"

मी "नाही" म्हणालो, आणि ते खरं होतं. त्या क्षणी दार एका फरशीने जवळ आलं आणि माझी पाचावर धारण बसली. पाच तासांत ती फरशी भरून काढायची होती. घरी फोन करायला आम्हाला मुभा होती, खोटं बोलणार असलो तर. मी आईला फोन लावला आणि म्हटलं, मजेत आहे गं, हॉटेल समुद्राला लागून आहे. आई म्हणाली, बरं झालं बाळा. खोली तेवढी लांब झाली. चारला मोजणी बरोबर भरली.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना पुन्हा फोन केला. त्या वाट बघत होत्या. मी पार्सलचं बोलायला लागलो तर त्या मध्येच म्हणाल्या, "चाव न चाय क?"

ही च-ची भाषा होती. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, तिथे च घालायचा आणि काढलेलं अक्षर शेवटी लावायचं. मोठ्या माणसांना कळू नये म्हणून शाळेत आम्ही दिवसदिवस ती बोलायचो. बाई विचारत होत्या, नाव काय. मॅनेजरच्या पडद्यावर यंत्राने लिहिलं, ग्राहक चहाची चौकशी करत आहे. मॅनेजरने मान डोलावली.

मी म्हटलं, "चुमेध स." खरं बोललो होतो, पण खोली आखूड झाली नाही. तिला साधं मराठी कळायचं, ही भाषा कळत नव्हती. मग मी हळूच सगळ्यात महत्त्वाचं ते बोललो. मला घरी न्या.

"चला म चरी घ च्या न."

यंत्राने लिहिलं, बोलणं अजूनही चहाबद्दलच चालू आहे. खोलीला मात्र त्यातला पहिला शब्द कळला. चला. तो शब्द त्या खोलीत आजवर कुणी उच्चारलेलाच नव्हता, कारण तिथून कुणी कुठे निघत नव्हतं. खोली उठली आणि एक पाऊल चालली. माझ्या पेल्यातलं पाणी हिंदकळलं. मॅनेजरने वर पाहिलं आणि पुन्हा पडद्यात डोकं घातलं.

बाई त्याच दिवशी ठाण्यात गेल्या. तिथला हवालदार त्यांच्याच बालवाडीतला निघाला. त्याने तक्रार लिहून घेतली आणि रोज अकराला बाईंच्या ओटीवर येऊन बसायला लागला. पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं ते कळेना, तेव्हा बाईंनी ‘वाटेत’ असं लिहायला लावलं, कारण खोली चालते हे मी त्यांना च-च्या भाषेत सांगितलं होतं. मग त्या खऱ्या पोलिसाने माझ्यासारख्या खोट्या पोलिसाला विचारलं, "चिती क चण ज?" मी कपाटासकट मोजून सांगितलं. एकोणसाठ.

सतरा दिवस मी तेच वाक्य बोलत होतो आणि खोली चालत होती. नवव्या दिवशी भिंतीपलीकडून बोटीचा भोंगा ऐकू आला. चौदाव्या दिवशी काजूच्या बोंडांचा वास आला आणि मी डोकं खाली घालून रडलो. मॅनेजर रोज चारला मोजायचा आणि माप बरोबर भरायचं. खोली किती लांब आहे ते त्याला पाठ होतं. ती कुठे आहे हे बघायची तिथे पद्धत नव्हती.

सतराव्या दिवशी खोली बाईंच्या अंगणात येऊन बसली. त्यांची अबोली तिच्याखाली गेली. मी कपाट उघडलं, सेल्वम आणि बाकीच्या सहा घड्या शर्टाच्या आत घातल्या आणि चालायला लागलो. चालताना कळलं, ज्याची जितकी खोटी, त्याला दार तितकं लांब. मला दोन दिवस लागले. माझ्या पुढे मॅनेजर टेप सोडत चालला होता. शेवटची फरशी मोजायला तो उंबऱ्याबाहेर वाकला, तेव्हा हवालदाराने टेपचं टोक धरलं, मग त्याचं मनगट.

बाईंनी सात जणांना ओटीवर अंथरलं, पाणी शिंपडलं आणि हाताने घड्या मोडल्या. सेल्वम उठून बसला. त्याच्या छातीवर आडवी रेघ अजून आहे. मी बाईंना म्हटलं, तुमच्यासाठी अंगाच्या कातड्याचे जोडे केले तरी उपकार फिटणार नाहीत. त्या म्हणाल्या, जोडे नकोत रे, मला चपला आहेत. मग मी नुसताच त्यांच्या पाया पडलो. ज्या बाईला मी फसवायला निघालो होतो, तिने मला जेवलास का म्हणून विचारलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्या खोलीचं दार आतलं कुणीतरी उंबऱ्यात उभं असेपर्यंतच उघडं राहतं. हे मला उशिरा कळलं. म्हणून मी उंबऱ्यातच उभा आहे, एक पाय मातीत आणि एक फरशीवर. एकतीस जण बाहेर आलेत. ज्यांना जास्त बोलायला लावलं होतं, ते अजून आत चालतायत.

काल आई एस.टी.ने आली. मी तिला खरं सांगितलं, सगळं. माझा उजवा हात तिने दोन्ही हातांत धरला आहे आणि तो सोडायला ती तयार नाही. डावा हात मी आत लांब करून ठेवलाय. मघाशी त्यात एक हात आला, गार. त्या हातामागे आणखी एक आहे, आणि त्याच्यामागेही.

मी ओढायला लागलो.